शिकल, ओप आणि तेलमेण : बंदुकीच्या नळीवरील संस्कारांचा एक शब्देतिहास

खानदेशातील जळगावाहून वेगळे ओळखू यावे म्हणून शेजारच्या जामोद गावाचे नाव ज्याला जोडले गेले, ते जळगाव जामोद सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. डोंगरातून रोही आणि रानडुकरे शेतांत उतरतात, आणि पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक बाळगण्याची चाल अशा मुलखात जुनीच आहे. काही वर्षांपूर्वी तेथील एका परिचित गृहस्थांच्या घरी अशीच एक परवान्याची बंदूक पाहावयास मिळाली. दर दसऱ्याला विटेची पूड व चिंच ह्यांनी घासून तिची नळी रुप्यासारखी उजळ केलेली होती. नळी दस्त्याला बांधणारा पितळी पट्टा सैल झाला होता. तो सरकविला तेव्हा त्याखाली बोटभर रुंदीची गडद तपकिरी पट्टी दिसली. गृहस्थ म्हणाले, "सर, पावसाळ्यात हिला गंज चढतोच. आता हिच्यावर टिकेल असं काय लावावं?"

प्रश्न व्यवहाराचा होता. परंतु त्याचे उत्तर शोधू लागलो तेव्हा ध्यानी आले की, मराठीत ह्या विषयाचे शब्द पुष्कळ असूनही "एकदा केला आणि कायमचा टिकला" अशा संस्काराला जुना शब्द नाही. असे का व्हावे, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम शब्द पाहू. शस्त्रे उजळणारा तो शिकलगार. अरबी "सक्ल" म्हणजे घासून चकाकी आणणे. त्यापासून झालेला "सैकल" हा शब्द फारसीतील "गर" प्रत्ययासह मराठीत आला. इकारापूर्वीच्या सकाराचा शकार होणे ही मराठीची प्रवृत्ती आहे. सिपाहीचा शिपाई, सिक्क्याचा शिक्का, सिलाहदाराचा शिलेदार झाला, त्याच वाटेने हा शिकलगार आला. "जिल्हई", "मुलामा" व "कल्हई" हेही मुळात अरबीच. "ओप" मात्र प्राकृतातून आलेला आपला जुना शब्द आहे. "गंज" हा फारसी "जंग" शब्दातील वर्णांची अदलाबदल होऊन झाला असावा, असे मला वाटते. रघुनाथ पंडितांच्या राजव्यवहारकोशात शस्त्रवर्ग स्वतंत्र आहे आणि यावनी शब्दांना संस्कृत पर्याय देणे हाच त्या ग्रंथाचा हेतू. तरीही शिकलगार आपल्या नावासह टिकला. कोशाने दरबारची भाषा बदलू शकते, पण पेठेतल्या कारागिराचे नाव त्याने सहसा बदलत नाही.

ह्या शब्दांबरोबर येणारी क्रियापदे अधिक बोलकी आहेत. शिकल करतात, ओप देतात, कल्हई लावतात. आणि ही सारी कामे पुनःपुन्हा करावयाची असतात. "पाणी" हा शब्द तेवढा वेगळा पडतो. तरवारीला पाणी दिले जाते ते पोलादाच्या अंगात मुरते, पृष्ठभागापुरते राहत नाही. उत्तम पोलादातील जौहर हिराकशीच्या पाण्याने खुलवीत, तेव्हाही वरून काही चढविले जात नसे. आत असलेले बाहेर दिसू लागे.

लोखंडाच्या रक्षणाचा स्पष्ट आदेश आज्ञापत्रात सापडतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या ह्या इ. स. १७१६ च्या सुमाराच्या ग्रंथात दुर्गप्रकरणी असे सांगितले आहे की, पावसाळ्यात तोफांना व दरवाजांना तेलमेण द्यावे, तोफांचे काने मेणाने बुजवावेत आणि वरून आच्छादन घालावे. तोफ ओतीव असो वा घडीव, तिला कायमचे कवच चढविण्याची कल्पना येथे नाही. पावसाळा दरवर्षी येतो, म्हणून उपायही दरवर्षी करावयाचा. रसायनदृष्ट्याही हे योग्यच होते. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारणपणे साठ टक्क्यांवर गेली की लोखंड झपाट्याने गंजू लागते. तेल व मेण ओल आणि धातू ह्यांच्यामध्ये पडदा धरतात, पण तो पडदा हात लागून व उन्हाने निघून जातो.

गडावर हे काम हवालदाराच्या देखरेखीखाली होई. घरी ते कोणी करावयाचे? बारगिराला घोडा व हत्यार सरकारातून मिळे, पण शिलेदाराचे दोन्ही स्वतःचे असत. पावसाळ्यात मोहिमा थांबत, शिलेदार गावी परते आणि शेतीच्या कामाला लागे. म्हणजे हवा सर्वांत दमट असते नेमक्या त्याच चार महिन्यांत त्याची बंदूक घरात पडून राही. पुढे खंडेनवमीला शस्त्रे घासूनपुसून पुजावयाची आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करावयाचे. पूजा ही केवळ सफाईची सबब होती असे मला म्हणावयाचे नाही; तसे म्हणणे उथळपणाचे होईल. परंतु वर्षातून एकदा प्रत्येक घरातील हत्यार उजेडात येई आणि त्यावरचा गंज दिसून येई, एवढे मात्र खरे.

बंदुकीच्या बाबतीत आणखी एक अडचण असे. काळ्या दारूच्या ज्वलनानंतर नळीत पोटॅशियमचे क्षार उरतात व ते हवेतली ओल शोषून घेतात. त्यांवर नुसते तेल घातल्याने काही साधत नाही; नळी आधी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून मग तेल द्यावे लागते. गंजाच्या भीतीने पाणी टाळणाऱ्याची नळी आधी गंजते.

वऱ्हाडात दुसरी परंपरा आली ती फौजांबरोबर. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगाव येथे आर्थर वेलस्लीच्या सैन्याची गाठ नागपूरकर भोसले व शिंदे ह्यांच्या फौजांशी पडली. त्या काळी इंग्रजी पायदळाच्या सामान्य बंदुकांच्या नळ्या उजळच ठेवीत आणि शिपाई त्या विटेच्या भुकटीने घासघासून झिजवीत. ह्या बंदुकीला "ब्राऊन बेस" म्हणत. त्या नावावरून नळी तपकिरी असे, असा तर्क करण्याचा मोह होतो. पण ग्रोसच्या १७८५ च्या बोलीकोशात हे नाव आलेले आहे, म्हणजे त्या नळ्या तपकिरी करण्याची रीत सार्वत्रिक होण्याच्या पूर्वीचे ते आहे. शब्दावरून वस्तूचा इतिहास काढणाऱ्या आम्हा भाषाभ्यासकांनी हे उदाहरण विसरू नये. १८०० च्या सुमाराच्या बेकर रायफलीची नळी मात्र खरोखरच तपकिरी करीत.

ह्या कृतीत विचारच उलटा आहे. गंज टाळावयाचा नाही, तो मुद्दाम आणावयाचा. राख वा चुन्याने नळीवरचा तेलाचा अंश घालवावयाचा, अम्ल व मोरचूद असलेले सौम्य द्रावण एकसारखे पुसून नळी दमट जागी ठेवावयाची, आणि गंजाची मऊ साय आली की ती तारेच्या कुंच्याने उतरवावयाची. असे अनेकवार केल्यावर धातूला घट्ट धरून बसलेला तपकिरी थर उरतो. दर खेपेस नळी पाण्यात उकळली तर तांबूस गंजाचे काळ्या ऑक्साइडात रूपांतर होते आणि रंग निळसर काळा येतो. जुन्या द्रावणांत पाऱ्याचे विषारी क्षारही घालीत. ते अनुकरणीय नव्हे. हा थर सच्छिद्र असतो. तो तेल धरून ठेवतो, म्हणूनच टिकतो. तेलावाचून तोही गंजतो. तेव्हा नव्या रीतीतही तेलमेण सुटले नाही, ते फक्त दुसऱ्या क्रमांकावर गेले.

पुढे कारखान्यांत दाहक सोड्याच्या उकळत्या द्रावणाने काळे करण्याची रीत आली. ती जलद खरी, पण मऊ डाखाने जोडलेल्या दुनळी बंदुकीचा डाखच ते द्रावण खाते. दुसऱ्या महायुद्धात सैनिकी शस्त्रांवर फॉस्फेटचा करडा थर सर्रास असे. आज भट्टीत पक्के करावयाचे कठीण लेपही मिळतात आणि टिकाऊपणात ते सर्वांच्या पुढे आहेत. परंतु ते देण्यापूर्वी जुना पृष्ठभाग वाळूच्या माऱ्याने खरवडून काढावा लागतो.

इकडे घरचा कारागीर मागे पडत गेला. १८७८ च्या कायद्याने हत्यार बाळगणे परवान्याखाली आले. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने पीकरक्षणाच्या ठासणीच्या बंदुकीला परवान्यात स्वतंत्र स्थान दिले, पण निर्मिती, रूपांतर, दुरुस्ती व चाचणी ह्या कामांसाठी वेगळा परवाना लागतो. मालकाच्या हाती उरले ते पुसणे आणि तेल देणे. शिकलगार चाकू-कात्र्यांच्या धारेकडे वळले. वस्तुसंग्रहालयांत व वाड्यांत आज जी जुनी शस्त्रे आरशासारखी चकाकताना दिसतात, त्यांतील कितींची मूळची नळी तपकिरी होती, हे घासणाऱ्या हातांनी आता कळू दिलेले नाही. उजळ नळ्या पाहून "मराठ्यांच्या बंदुका अशाच असत" असे विधान करणे म्हणूनच धोक्याचे आहे. पट्ट्याखालचा, दस्त्याच्या खोबणीतला भाग आधी पाहिला पाहिजे.

जळगाव जामोदच्या त्या गृहस्थांना मी कोणताही लेप सुचविला नाही. विटेची पूड बंद करा, बार काढल्यावर नळी गरम पाण्याने धुवा, आणि पावसाळ्याच्या आधी व मध्ये तेलमेण द्या, एवढेच सांगितले. पितळी पट्टा पुन्हा पूर्वीच्या जागी बसवून घेतला. त्याखालची तपकिरी पट्टी घासू नये, हे त्यांच्या मुलाने चिठ्ठीवर लिहून बंदुकीच्या खोळीत ठेवले आहे.