एकसरचे वीरगळ

मुंबईत बोरिवली पश्चिमेला एकसर येथे उभ्या असलेल्या कोरीव युद्धस्मारक शिळा. ‘वीरगळ’ या शब्दात कन्नड ‘कल्’ म्हणजे दगड आहे. लढाईत पडलेल्या वीरासाठी असा दगड उभारण्याची रीत महाराष्ट्र-कर्नाटकात शतकानुशतके चालली. गावोगावच्या वीरगळांवर बहुधा ढाल-तलवारीची झुंज किंवा गुरे वाचवताना आलेले मरण दिसते. एकसरला मात्र समुद्र कोरला आहे. आरमारी लढाईचे इतके सविस्तर शिल्प भारतात विरळाच.

१८८२ च्या ठाणे गॅझेटियरने येथे सहा शिळा नोंदल्या. त्यांतल्या मोठ्या सुमारे १० फूट उंच आणि ३ फूट रुंद आहेत. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. तळाच्या पट्टीत उंच नाळेची, डोलकाठीची जहाजे वल्ह्यांच्या रांगांनी चालून येतात. पुढे ती शत्रूच्या जहाजाला भिडतात, माणसे पाण्यात कोसळतात. त्यावर शिवलिंगाची पूजा, अप्सरा, कैलास आणि माथ्यावर कलश. काही शिळांवर जमिनीवरची लढाईही आहे. पालघर किनाऱ्यावरच्या नवापूर-सातपाटीच्या तांडेलाला ती नाळ आणि ती वल्ही कोणी समजावून द्यायला नको.

ही लढाई कोणती, यावर एकमत नाही. यादव राजा महादेव आणि उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर यांचा १२६५ च्या सुमाराचा संघर्ष, हे मत अधिक मान्य आहे. महादेवाच्या कोपापेक्षा सोमेश्वराने समुद्रात बुडणे पत्करले, असे हेमाद्री सांगतो. हेमाद्री यादवांचाच मंत्री, म्हणजे ही जिंकणाऱ्याची बाजू. हरलेल्यांकडून काही ऐकायचे, तर खालच्या पट्ट्यांतल्या त्या बुडणाऱ्या माणसांकडेच पाहावे लागते.

युद्धातले असेच मरण दाखवणाऱ्या स्पेनच्या फ्रांसिस्को गोया या चित्रकाराने १८१० ते १८२० या काळात युद्धाच्या भीषणतेवर ८२ मुद्राचित्रे कोरली. त्यांतली ८० त्याच्या मृत्यूनंतर, १८६३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच्या प्रेतांना वर जायला कैलास नाही. एकसरच्या शिल्पकाराने स्वर्ग दिला, पण त्याआधी बुडणारे देहही तितक्याच मन लावून घडवले. म्हणूनच हा दगड नुसता गौरवाचा वाटत नाही.

नवापूरहून जायचे तर बोईसरला डहाणू लोकल धरून बोरिवलीला उतरावे. ऊन तिरपे असताना पोचावे. झिजलेली वल्ही तेव्हाच नीट मोजता येतात.