अभिजात नाटक आणि आपला दिग्दर्शक

विक्रोळीच्या कन्नमवारनगरात, टागोरनगरात जयंतीचा मांडव पडतो. त्या मांडवात नाटक करू इच्छिणाऱ्या पोरांपुढे पहिला प्रश्न असतो : कोणते नाटक घ्यावे? एक गट म्हणतो, संस्कृत नाटके आणि त्यांतील पुराणकथा आपल्या नव्हेत, त्यांना हात लावू नये. दुसरा म्हणतो, स्पर्धेत मान हवा असेल तर गाजलेलेच नाटक घ्यावे. वरकरणी ही दोन टोके आहेत. पण दोघांचे गृहीत एकच आहे. नाटकाचा अर्थ संहितेत एकदाचा ठरून गेला आहे आणि दिग्दर्शकाने तो मुकाट्याने उभा करायचा, हे ते गृहीत. ते तपासावयाचे तर आपल्याच इतिहासाकडे वळले पाहिजे.

मराठी रंगभूमीचा प्रारंभ विष्णुदास भावे यांच्या १८४३ सालच्या 'सीतास्वयंवरा'पासून, म्हणजे सांगलीच्या संस्थानिकांच्या आश्रयापासून सांगितला जातो. त्यानंतर अवघ्या बारा वर्षांनी, १८५५ साली, जोतीराव फुले यांनी 'तृतीय रत्न' लिहिले. गर्भवती कुणबिणीला ग्रहपीडेची भीती घालून एक जोशी तिच्या संसाराला कर्जात कसा लोटतो, आणि अखेरीस ती नवराबायको विद्येकडे कशी वळतात, याचे हे नाटक. ते दक्षिणा प्राइझ कमिटीकडे गेले आणि नाकारले गेले. ही हकिकत फुल्यांनीच पुढे नोंदवून ठेवली आहे. ते छापून वाचकांपुढे आले १९७९ साली, म्हणजे १२४ वर्षांनी! जे नाटक सव्वाशे वर्षे कोणाला वाचायलाही मिळाले नाही, ते अभिजात ठरणार कसे? अभिजातपणाचा निर्णय केवळ गुणवत्तेवर होत नाही. कोणाचे जपले जाते आणि कोणाचे दडपले जाते, यावरही तो अवलंबून असतो.

परंतु 'तृतीय रत्ना'तून आपल्या दिग्दर्शकाने घ्यावयाचा धडा याहून मोठा आहे. संस्कृत नाटकातील विदूषक हा राजाचा मित्र, जातीने ब्राह्मण, खादाड आणि हास्यास्पद. फुल्यांनी तो उचलला आणि प्रवेशाप्रवेशांच्या मध्ये उभा करून त्याच्याच तोंडून जोशाचे बिंग फोडले. जुन्या परंपरेचे पात्र त्यांनी टाकून दिले नाही, त्याची पूजाही केली नाही. त्याला नवे काम दिले.

हीच रीत पुढे जलशांत दिसते. १९३० नंतरच्या काळात भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या शाहिरांनी तमाशाचा ओळखीचा साचा घेतला आणि त्यातून देवाऐवजी माणसाच्या हक्काची गोष्ट सांगितली. १९४४ साली लाल बावटा कलापथक उभे करणारे आणि विक्रोळीशेजारच्या घाटकोपरात, चिरागनगरच्या झोपडीत राहून लिहिणारे अण्णाभाऊ साठे यांनीही लोकनाट्यात तेच केले.

नाट्यगृहाच्या रंगमंचावर ही रीत कशी चालू शकते, हे पाहण्यासाठी वामन केंद्रे यांची दोन नाटके शेजारी ठेवावीत. बीड जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेला हा दिग्दर्शक राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकला आणि २०१३ ते २०१८ या काळात तिथला संचालक झाला. १९८७ साली त्यांनी 'झुलवा' रंगभूमीवर आणले. उत्तम बंडू तुपे यांच्या कादंबरीचे हे रूपांतर चेतन दातार यांनी केले होते. देवीला सोडलेल्या जोगतिणीचे हे जगणे. देवदासी प्रथेला बंदी घालणारा मुंबई प्रांताचा कायदा १९३४ सालचा. त्यानंतर अर्धशतक उलटले तरी या जगण्याचे नाटक करण्याची गरज उरली होती. ते जगणे दिवाणखान्याच्या नेपथ्यात मावणारे नव्हते. म्हणून प्रयोगाचा घाट चौंडक्याच्या तालातून आणि यल्लम्माच्या भक्तांच्या गाण्यांतून घडला. नव्या नाटकाचे रूप त्या नाटकातील माणसांच्या जगण्यातूनच शोधावयाचे, असा हा दृष्टिकोन आहे.

दुसरे नाटक 'मोहे पिया'. भासाच्या 'मध्यमव्यायोगा'चे हे रूपांतर. भासाची नाटके केरळात टी. गणपती शास्त्री यांना सापडली आणि १९१२ पासून प्रसिद्ध होऊ लागली. म्हणजे अभिजात म्हणवणारे हे साहित्यही शेकडो वर्षे अंधारातच होते. पण ते सापडताच त्याचा गौरव झाला, हा फरक विसरू नये. मूळ एकांकात आईच्या उपवासाच्या पारण्यासाठी घटोत्कच एका ब्राह्मण कुटुंबातला एक मुलगा मागतो. भीम आडवा येतो, बापलेकांची झुंज होते. जिच्यामुळे हे सारे घडते ती हिडिंबा मात्र शेवटी थोडा वेळ येते आणि प्राकृतात बोलते. कारण संस्कृत हे राजांचे व ब्राह्मणांचे. स्त्रिया आणि दासदासी यांच्या वाट्याला प्राकृत. केंद्रे यांनी नाटकाचे केंद्र हिडिंबेकडे नेले. राक्षसीण म्हणून हिणवलेली ही रानातली स्त्री, जिला आर्य राजपुत्र वरतो आणि मागे सोडून जातो, ती आता आपल्या प्रेमाचा हिशेब मागते. अभिजात नाटकाला विचारावयाचा प्रश्न हाच : तुझ्यात गप्प कोण आहे?

तथापि या यशाची मर्यादाही बोलून दाखवली पाहिजे. जलशात सांगणारा आणि ऐकणारा एकाच वस्तीतले होते. 'झुलवा' शहरातल्या नाट्यगृहात शिरले तेव्हा जोगतिणीचे दुःख तिकीट काढून आलेल्यांपुढे मांडले गेले. प्रेक्षक हेलावला, हे खरे. परंतु हेलावणे आणि बदलणे यांत अंतर आहे. लोकवाद्यांचा ताल डोळे दिपवू लागला की वेदनेचे प्रदर्शन होते. ज्यांचे जगणे रंगमंचावर आले, ते प्रेक्षागृहात किती होते, हा प्रश्न दिग्दर्शकाने स्वतःला विचारल्यावाचून त्याची सुटका नाही.

म्हणून विक्रोळीच्या पोरांना सांगावेसे वाटते : भास घ्या, कालिदासही घ्या, भिऊ नका. पण संहिता वाचताना प्रथम दासीची वाक्ये मोजा. नवे नाटक लिहाल तेव्हा स्पर्धेतल्या नाटकाची नक्कल करू नका. आपल्या गल्लीत माणसे कशी भांडतात, मयताला कशी जमतात, जयंतीला कशी गातात ते पाहा. आणि 'तृतीय रत्न' बसवा. ते नाकारणाऱ्या कमिटीला आता उत्तर द्यावयाचे नाही. ज्या कुणबिणीसाठी ते लिहिले गेले, तिच्या नाती-पणती आज मांडवात पुढच्या सतरंजीवर बसलेल्या आहेत. त्यांच्यापुढे ते झाले पाहिजे.