ब्रसेल्सची पदवी

गतवर्षी हिंगोलीतील आमच्याच एका घरातील मुलीने पदव्युत्तर शिक्षणासाठी बेल्जियमला जाण्याचे नाव काढले, तेव्हा वडीलधाऱ्यांनी ‘आधी लग्न’ एवढेच उत्तर दिले. एवढ्याशा देशात शिकायचे ते काय, असेही कोणी म्हणाले.

सुतार ज्ञातीत जन्मलेल्या डॉ. रखमाबाईंनी (१८६४–१९५५) एम. डी. ही पदवी ब्रसेल्सचीच मिळविली, हे आमच्यापैकी कितीजणांस ठाऊक आहे? बालपणी लावून दिलेला विवाह त्यांनी नाकारला. ‘पतिगृही जा, नाहीतर सहा महिने कारावास’ असा निवाडा १८८७ साली मुंबई हायकोर्टाने दिला. त्यांनी कारावास पत्करण्याची तयारी दाखविली. १८८८ मध्ये २,००० रुपयांवर तडजोड झाली आणि १८८९ मध्ये त्या विलायतेस गेल्या. लंडनच्या स्त्री-वैद्यक विद्यालयास स्वतःची पदवी देण्याचा अधिकार नव्हता. ब्रसेल्स मात्र परदेशी परवानाधारक डॉक्टरांस, तेथे वर्षानुवर्षे न राहताही, परीक्षेस बसू देई. लहान देशाचे हे औदार्य! पुढे सुरत व राजकोट येथील स्त्रियांच्या सेवेत त्यांनी आयुष्य वेचले.

त्या मुलीचा साहाय्याचा अर्ज आमच्या मंडळाकडे अद्याप उत्तराविना पडून आहे.