भंगारातला बैल

पोळ्याला पालमसारख्या गावांतून मातीचे बैल पूजले जातात. बैल ओळखू यायला एक तोंड आणि दोन शिंगे पुरतात. पॅरिसमध्ये १९४२ साली पिकासोने सायकलच्या सीटचे तोंड आणि हँडलची शिंगे करून असेच बैलाचे मस्तक केले. पुढे मुंबईच्या पिलू पोचखानवाला (१९२३-१९८६) यांनी भंगार लोखंड जोडून शिल्पे घडवली. चंदीगडचे रस्ते निरीक्षक नेकचंद यांनी तर सरकारी जागेत, परवानगीशिवाय, फुटक्या बांगड्या-कपबश्यांतून माणसे-जनावरे उभी केली. बेकायदा म्हणून ती पाडली जाण्याची भीती होती. लोकांच्या पाठिंब्याने ती वाचली आणि १९७६ मध्ये रॉक गार्डन सर्वांना खुले झाले. म्हणून मंडळी, मोडकी सायकल भंगारात घालण्यापूर्वी घरातल्या मुलांना एकदा दाखवा.