पाला आणि चांदी

बालाघाटच्या डोंगररांगांत, धारूर, पाटोदा, अंबाजोगाईच्या माळांवर, सीताफळ रानोमाळ वाढते. त्याच्या कडवट पाल्याला शेळ्याही सहसा तोंड लावत नाहीत. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले ते गोड गरासाठी. वनस्पतींच्या अर्कातून धातूंचे अतिसूक्ष्म कण बनवणाऱ्या अभ्यासशाखेला मात्र हवा आहे तो पाला.

धुतलेली पाने बारीक चिरून डिस्टिल्ड वॉटरमध्ये उकळायची, गाळायची आणि तो अर्क सिल्व्हर नायट्रेटच्या विरल, बहुधा एक मिलिमोलर, द्रावणात मिसळायचा. काही मिनिटांत, कधी काही तासांत, फिकट पिवळे द्रावण तपकिरी होते. पानांतील पॉलिफिनॉल, फ्लॅव्होनॉइड अशी द्रव्ये चांदीच्या आयनांना इलेक्ट्रॉन देतात. आयनांचे क्षपण होऊन अणू बनतात, अणूंचे कण होतात, आणि अर्कातीलच द्रव्ये त्या कणांवर लपेटून बसल्याने ते एकमेकांना चिकटत नाहीत. इतक्या लहान कणांतील इलेक्ट्रॉन प्रकाशासोबत आंदोलित होतात आणि साधारण ४०० ते ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषतात. तपकिरी रंग त्यातून येतो. एरवी या कामाला अनेकदा सोडियम बोरोहायड्राइडसारखी तीव्र रसायने वापरतात.

सोन्याच्या सूक्ष्म कणांचा लाल रंग मायकेल फॅरडेने १८५७ मध्येच अभ्यासला होता. वनस्पतींच्या वाटेने मात्र आपल्या पुण्याने मोठी मजल मारली. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कडुनिंबाच्या पानांपासून चांदीचे आणि सोन्याचे कण केले, आणि २००४ मध्ये गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे चपटे त्रिकोणी कण मिळवल्याचे ‘नेचर मटेरियल्स’मध्ये प्रसिद्ध केले. परसातल्या गवताने धातूला असा नेमका आकार द्यावा, याचे मला आजही अपार कौतुक वाटते.

त्यानंतर नवे पान, नवा निबंध अशी रीघ लागली. सीताफळाची पाने आणि सालीही त्यातून सुटल्या नाहीत. या गर्दीत खरे ज्ञान थोडे आहे, हे स्पष्ट सांगायला हवे. कोवळे पान आणि पुढे जून झालेले पान यांचा अर्क सारखा नसतो. त्यामुळे कणांचा आकारही बदलू शकतो. तरी पाने कोणत्या महिन्यात तोडली, हे अनेक निबंधांत शोधूनही सापडत नाही.

पाण्याचेही तसेच. बोअरच्या खारट पाण्यात सिल्व्हर नायट्रेट टाकले की क्लोराइडमुळे पांढरट गढूळपणा येतो. तो सिल्व्हर क्लोराइडचा साका असतो. म्हणून मिश्रणाच्या नळीशेजारी आणखी दोन नळ्या नेहमी ठेवाव्यात: एकीत नुसता अर्क, दुसरीत नुसते सिल्व्हर नायट्रेट. रंग तिथेही बदलला, तर मिश्रणाच्या नळीच्या रंगावरून काही ठरवता येत नाही. आणि पद्धत ‘हरित’ म्हणवत असली, तरी चांदी जिवाणूंना मारते. उरलेले द्रावण मोरीत ओतू नये.

बीड, अंबाजोगाई, परळीच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी या शाखेत यावे, असे मनापासून वाटते. अर्क करायला शेगडी, गाळणकागद आणि काचपात्र पुरते. स्पेक्ट्रोफोटोमीटर अनेक प्रयोगशाळांत असतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी नमुने मोठ्या संस्थेकडे पाठवता येतात. बारा झाडांची पाने एकेकदा उकळण्याऐवजी सीताफळाचे एकच झाड निवडा, झाडावर पाने असतील तोवर दर महिन्याला त्याचीच पाने घ्या, आणि फसलेला प्रयोगही तारखेसह वहीत लिहा.