टॅक्स वाचवायला लावलेलं जंगल

फेब्रुवारीत ऑफिसातून इन्व्हेस्टमेंट प्रूफ मागणारा मेल आला की आम्ही आयटीवाले ८०सीची आकडेमोड करत बसतो. आजची गोष्ट अशाच आकडेमोडीची आहे, पण स्कॉटलंडच्या उत्तर टोकाची.

केथनेस आणि सदरलंडमध्ये फ्लो कंट्री नावाचा साधारण ४ लाख हेक्टरांचा दलदलीचा प्रदेश आहे. झाडं जवळपास नाहीतच. शेवाळ, डबकी आणि वारा. हे शेवाळ मरतं, पण पाण्याखाली ऑक्सिजन नसल्यामुळे पूर्ण कुजत नाही. त्याचा थर, म्हणजे पीट, वर्षाला जेमतेम १ मिलिमीटर वाढतो. हिमयुग संपल्यापासून हे चालू आहे, आणि आज त्यात सुमारे ४० कोटी टन कार्बन आहे.

१९८०च्या दशकात ही जमीन मात्र 'निरुपयोगी' आणि म्हणून स्वस्त होती. तेव्हा ब्रिटनमध्ये कराचा वरचा दर ६० टक्के होता आणि झाडं लावायचा खर्च इतर उत्पन्नातून वजा करता यायचा. म्हणजे १०० पौंड खर्च केले तर ६० पौंड कर वाचायचा, वर सरकारी अनुदान. मग काय, टीव्हीवरच्या बड्या लोकांनीही पैसे घातले. त्यातल्या कितीजणांनी ती जमीन पाहिली असेल, देव जाणे.

दलदल नांगरली, चर खणले, आणि हजारो हेक्टरांवर उत्तर अमेरिकेतले सिटका स्प्रूस आणि लॉजपोल पाइन लावले. हेतू लाकडाचा होता. कार्बनचं नावही कुणी काढत नव्हतं. पाणी उतरलं, पीटमध्ये हवा शिरली आणि हजारो वर्षांचा साठा कार्बन डायऑक्साइड होऊन उडू लागला. डनलिन, ग्रीनशँक हे उघड्यावर घरटी करणारे पक्षी. (ग्रीनशँक आपल्याकडे हिवाळ्यात उजनीला दिसतो, तोच.) झाडांच्या आडोशाने कावळे-कोल्हे आले, तसे हे पक्षी प्लँटेशनच्या कडेपासून लांब सरकले.

१९८७मध्ये सरकारच्याच निसर्गसंवर्धन परिषदेने याविरुद्ध अहवाल दिला. मार्च १९८८च्या बजेटमध्ये अर्थमंत्री नायजेल लॉसन यांनी ती करसवलत काढली. नवी लागवड ढेपाळली. इतकी वर्षं पक्ष्यांसाठी चाललेली ओरड एकीकडे, आणि टॅक्समधला एक बदल एकीकडे. मला तर हा कोडमधली एक कंडिशन बदलण्याचा प्रकार वाटतो.

पण केलेलं निस्तरणं सोपं नव्हतं. १९९५मध्ये आरएसपीबी या पक्षीसंस्थेने फोर्सिनार्डची जमीन घेतली आणि तिथली झाडं तोडून चर बुजवायला सुरुवात केली. हो, पर्यावरणासाठी झाडं तोडली! मोजमाप केलं तेव्हा तोडून १० वर्षं झालेल्या जागेतून अजून कार्बन बाहेर पडत होता. १६ वर्षं झालेली जागा मात्र शोषू लागली होती. २०२४मध्ये युनेस्कोने फ्लो कंट्रीला जागतिक वारसा ठरवलं.

हे सगळं मी वाचायला घेतलं, कारण गेल्या वर्षी विमानाचं तिकीट काढताना मी 'कार्बन ऑफसेट' वर टिक केलं होतं. सर्टिफिकेटवर झाडांची संख्या आहे, जागेचं नाव नाही. त्यांना मेल टाकलाय, की झाडं लावण्याआधी तिथे काय होतं? उत्तर आलं तर पुढच्या भागात वाचून दाखवतो.