ताप कशाचा, हे चाचणी सांगते

एचआयव्हीची सुरुवातीची लक्षणे कोणती, हे लोक बहुधा मनातल्या मनात विचारतात आणि उत्तर स्वतःच्या अंगावर शोधतात. ताप आला की घाबरायचे, उतरला की सुटलो म्हणायचे. या दोन्ही निष्कर्षांना आधार नाही. चाचणी कधी करायची, हे लक्षणांवरून ठरवता येत नाही. ते ठरते जोखमीच्या प्रसंगाच्या तारखेवरून.

शरीरात शिरलेला विषाणू सीडी-४ या पांढऱ्या पेशींमध्ये वाढतो. पहिले काही दिवस तो लागण झालेल्या जागी आणि लसिका ग्रंथींत असतो. साधारण दहा दिवसांनंतर तो रक्तात सापडू लागतो आणि मग इतका झपाट्याने वाढतो, की रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये त्याची संख्या लाखांवर जाऊ शकते. याच सुमारास प्रतिकारशक्ती खडबडून कामाला लागते. दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात अनेकांना जे जाणवते, ते मुख्यतः या झुंजीमुळे: ताप, घसादुखी, मानेत किंवा काखेत गाठी, जांघेत अवधाण, छाती-पाठीवर लालसर पुरळ, तोंड येणे, सांधे आणि स्नायू दुखणे, रात्री दरदरून घाम. आठवडा-दोन आठवड्यांत हे सारे आपोआप ओसरते. काहींना तर कणकणही येत नाही.

आता हीच यादी पावसाळ्यातल्या महाराष्ट्रात ठेवून पाहा. डेंग्यूत ताप, पुरळ आणि अंगदुखी असते. चिकुनगुन्यात सांधे धरतात. मलेरिया, टायफॉइड आणि साधा व्हायरल ताप आहेतच. निव्वळ तपासून डॉक्टरलाही फरक सांगता येणार नाही. पण म्हणून लक्षणे निरुपयोगी ठरत नाहीत. १९९०च्या दशकात पुण्यात गुप्तरोगांच्या दवाखान्यांत येणाऱ्या रुग्णांचा अभ्यास झाला. अँटिबॉडी चाचणी निगेटिव्ह असलेल्यांच्या रक्तात विषाणूचे पी-२४ हे प्रथिन शोधले गेले आणि काहींमध्ये ते सापडले. ताप, सांधेदुखी आणि रात्रीचा घाम यांचा या ताज्या संसर्गाशी संबंध दिसला. तसाच जननेंद्रियावरच्या जखमेचाही. १९९७मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या कामाचे मोल मला आजही मोठे वाटते. नुसत्या तापाला अर्थ नसतो, पण जोखमीच्या प्रसंगानंतर दोन-चार आठवड्यांनी आलेल्या तापाला असतो. म्हणूनच तो प्रसंग डॉक्टरांना सांगायला हवा आणि डॉक्टरांनीही तो न संकोचता, न दटावता विचारायला हवा.

इथेच सर्वांत घातक गैरसमज होतो. तापाच्या दिवसांत विषाणू सर्वाधिक असतो, संसर्ग दुसऱ्याला होण्याची शक्यताही तेव्हा फार असते; आणि नेमकी तेव्हाच साधी अँटिबॉडी चाचणी निगेटिव्ह येऊ शकते, कारण अँटिबॉडी पुरेशा तयार झालेल्या नसतात. हा ‘विंडो पीरियड’ चाचणीगणिक बदलतो. विषाणूची जनुकीय सामग्री शोधणारी चाचणी साधारण १० ते ३३ दिवसांत संसर्ग पकडते. पी-२४ आणि अँटिबॉडी दोन्ही पाहणारी, शिरेतल्या रक्तावर प्रयोगशाळेत होणारी चौथ्या पिढीची चाचणी १८ ते ४५ दिवसांत पकडते. केवळ अँटिबॉडी पाहणाऱ्या चाचणीला २३ ते ९० दिवस लागतात. तेव्हा दुसऱ्या आठवड्यात आलेल्या निगेटिव्ह अहवालाने निश्चिंत होऊ नये. जोखीम घडल्यावर लगेच एकदा, सहा आठवड्यांनी आणि तीन महिने पूर्ण झाल्यावर पुन्हा, असा क्रम ठेवावा. तोवर निरोध वापरावा, रक्तदान करू नये.

प्रसंग घडून ७२ तास झाले नसतील, तर चाचणीच्या तारखा मोजत बसू नये. तडक सरकारी रुग्णालय किंवा एचआयव्हीवर उपचार करणारे एआरटी केंद्र गाठावे. तिथे डॉक्टर जोखीम पाहून २८ दिवसांचा प्रतिबंधक औषधोपचार सुरू करू शकतात. तो जितका लवकर, तितका उपयोगी. निरोध फाटणे, वापरलेली सुई टोचणे, लैंगिक अत्याचार, या सर्वांत तासांना किंमत असते. अशी औषधे घेतल्यास पुढच्या चाचण्यांच्या तारखा डॉक्टरच ठरवतील.

जोखमीची तारीखच आठवत नाही, अशांचे काय? उपचार नसतील तर पहिल्या आजारानंतर कित्येक वर्षे, अनेकदा आठ-दहा वर्षे, माणूस धडधाकट दिसतो. म्हणून क्षयरोग किंवा गुप्तरोग झालेल्यांनी, गर्भवतींनी आणि जोडीदाराची लागण कळलेल्यांनी लक्षणांची वाट न पाहता तपासणी करावी.

सरकारी रुग्णालयांतल्या आयसीटीसी केंद्रांत समुपदेशन आणि चाचणी मोफत होते. पहिली चाचणी रिअ‍ॅक्टिव्ह आली, तरी लगेच पॉझिटिव्ह म्हणत नाहीत; वेगळ्या किटवर खात्री करतात. २०१७च्या कायद्यानुसार चाचणीसाठी संमती आणि अहवालाची गुप्तता बंधनकारक आहे. जवळचे केंद्र १०९७ या क्रमांकावर विचारता येते. अहवाल पॉझिटिव्ह आला तरी सरकारी कार्यक्रमात २००४पासून औषधे मोफत मिळतात आणि २०१७पासून सीडी-४ कितीही असले तरी ती सुरू करतात. रोज नियमाने घेतल्यास विषाणू रक्तात मोजता येणार नाही इतका कमी होतो, आणि तो तसाच राहिला तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही.